डिलीट करण्याआधी मुनीमजींना विचारा

लॉग सांभाळणाऱ्या माणसाला लोक दोनच वेळी फोन करतात. काहीतरी बिघडलं म्हणून, किंवा काहीच बिघडलेलं नसताना मोबाईल वाजतोय म्हणून. दुसऱ्या प्रकारचे फोन जास्त, आणि ते करणारा माणूसही जास्त चिडलेला. "भाऊ, ते तुमचं काय ते रात्रभर वाजू लागलंय, ते आधी काढून टाका. कामाचं नाही काही." या 'काढून टाका'मागे काय काय घडतं ते बाहेर कोणी सांगत नाही, कारण वरवर पाहिलं तर त्यात सांगण्यासारखं काही नसतं. एका ओळीचा हुकूम, अर्ध्या सेकंदात सर्व्हरचं उत्तर, संपलं.

आमचं हे काम चालतं जालन्यात. जालन्याची ओळख बियाणं आणि सळई. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ साली इथे महिको सुरू केली. एमआयडीसीत इंडक्शन भट्ट्या आणि रोलिंग मिल्स उभ्या राहिल्या. स्टील मिलमध्ये सॉफ्टवेअरचं काय काम, असं अजून पुष्कळांना वाटतं. पण आज स्क्रॅपचा ट्रक काट्यावर चढला की कुठेतरी एक ओळ लिहिली जाते. भट्टीच्या कॉइलमधलं थंड पाणी गरम होऊ लागलं की एक ओळ, वीजमीटरने आकडा घेतला की एक ओळ, हजेरीच्या मशीनवर बोट टेकलं की एक ओळ. या ओळी म्हणजे लॉग. त्यांचा ढीग माणूस वाचू शकत नाही, म्हणून त्यावर नियम बसवायचे: अमुक ओळ दिसली की तमक्याला कळव. हा नियम म्हणजे अलर्ट. स्क्रीन उघडून एकेक अलर्ट काढता येतो, पण शेकडो काढायचे असतील तर स्क्रीन बाजूला ठेवून थेट सर्व्हरला हुकूम द्यायचा. ती सोय म्हणजे एपीआय. आमची छोटी टीम जालन्यातल्या काही मिल्स आणि गोदामांसाठी हेच करते. नावं घेत नाही. घेतली तर पुढचं काम मिळायचं नाही.

एका मिलचं काम आमच्याकडे आलं तेव्हा आधीच्या कंत्राटदाराने मागे सोडलेली अलर्टची भलीमोठी यादीही आली. त्यात एक नाव होतं, 'टेस्ट टू डोंट डिलीट'. या धंद्यातल्या प्रत्येकाने असं नाव कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. नावाचा पहिला अर्धा भाग म्हणतो उडवा, दुसरा म्हणतो हात लावू नका. वर्णनाचा रकाना रिकामा. ज्याला ईमेल जायचा तो माणूस नोकरी सोडून पुण्याला गेलेला, त्याचा पत्ता कंपनीने बंद केलेला. अलर्ट इमानेइतबारे वाजत होता आणि ऐकायला कोणी नव्हतं.

टीममधल्या पोराने आयडी कॉपी केला, हुकूम लिहिला. एंटर दाबणार तेवढ्यात सीनियर म्हणाला, "नाव सोड. अट वाच." अट अशी होती: रात्री अकरा ते पहाटे पाच या वेळात वजनकाट्याच्या सॉफ्टवेअरमध्ये कोणी रिकाम्या ट्रकचं वजन हाताने टाइप केलं, तर कळवा. स्क्रॅपचा व्यवहार काट्यावर कसा चालतो ते माहीत असलेल्याला यातली मेख लगेच कळेल. भरलेला ट्रक काट्यावर चढतो, वजन होतं. माल उतरवून रिकामा ट्रक पुन्हा चढतो, पुन्हा वजन होतं. दोन्हींतला फरक म्हणजे स्क्रॅप, आणि पैसे त्या फरकाचे. रिकामा ट्रक काट्यावर न चढवता 'मागच्या वेळचंच वजन टाक की' म्हणून कोणी आकडा हाताने भरला, तर क्विंटल-दोन क्विंटल हवेतून तयार करता येतात.

हा अलर्ट कोणाचा, हे आयटीवाल्याला माहीत नव्हतं. इलेक्ट्रिकलवाल्याला नव्हतं. स्टोअरवाला म्हणाला, "आपल्याकडं असलं काही नाही." शेवटी कोणीतरी अकाउंट्समध्ये बसणाऱ्या मुनीमजींना विचारलं. मुनीमजी कॉम्प्युटरला हात लावत नाहीत, पावत्यांचे गठ्ठे दोऱ्याने बांधतात. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "तो माझा आहे." एका मार्चअखेरीला स्क्रॅपचा हिशेब जुळेना, तेव्हा त्यांनी आधीच्या कंत्राटदाराच्या पोराला चहा पाजून तो बनवून घेतला होता. "कोणाला पकडायचं नव्हतं हो मला. काट्यावरच्या पोरांना कळलं पाहिजे की कोणीतरी बघू लागलंय, एवढंच."

अलर्ट कोणी वाचला नसला तरी लॉग जागच्या जागी होते. त्यातून हाताने टाकलेल्या वजनांची यादी काढली, छापली, मुनीमजींच्या टेबलावर ठेवली. त्यांनी ती घडी घालून खिशात टाकली. पुढे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही, आम्ही विचारलं नाही. काट्याच्या केबिनमधला एक चेहरा मात्र बदलला.

माझं मत विचाराल तर या कामातली सगळ्यात मोठी अडचण तांत्रिक नाहीच. अलर्ट बनवणारा आयटीतला असतो, पण ज्याच्या पोटात गोळा आला म्हणून तो बनला, तो माणूस बहुतेक वेळा काट्यावर, भट्टीपाशी किंवा हिशेबाच्या खोलीत बसलेला असतो. एपीआयला यातलं काही माहीत नसतं. तिला फक्त आयडी लागतो.

आता हुकुमाची गंमत. वेबच्या भाषेत काढून टाकण्याच्या क्रियापदाचं नावच डिलीट. बहुतेक सर्व्हर काम फत्ते झालं की २०४ हा आकडा पाठवतात. अर्थ असा की झालं, आणि मला आणखी काही बोलायचं नाही. एकदा एका मिलचे शेठ आमच्या पोराच्या खुर्चीमागे उभे राहिले होते. त्यांच्या मोबाईलवर झोपमोड करणारा अलर्ट त्यांच्यासमोरच काढायचा होता. पोराने हुकूम सोडला.

"झालं?"

"झालं शेठ."

"कुठं दाखवू लागलंय?"

"काहीच दाखवत नाही, म्हणजे झालं."

शेठना हे पटेना. पावतीशिवाय व्यवहार झाला यावर जालन्याचा कोणता व्यापारी विश्वास ठेवील? "पुन्हा कर बरं." पोराने पुन्हा तोच हुकूम सोडला. या वेळी ४०४ आलं: असं काही इथे नाही. "बघ, आता चूक आली!" त्यांना समजावता समजावता पोराचा घाम निघाला. डिलीटचा नियमच असा आहे की एकदा करा नाहीतर दहा वेळा करा, शेवटची स्थिती एकच: ती वस्तू तिथे नसणार. दुसऱ्यांदा आलेलं ४०४ ही पहिल्या वेळच्या यशाची खूणच.

पण याच ४०४ ने एका ठिकाणी चांगलंच फसवलं. ग्रेलॉग नावाची लॉगप्रणाली पुष्कळ ठिकाणी वापरतात, फुकट मिळते म्हणून आपल्याकडे जास्तच. तिच्या ३.१ या आवृत्तीत, २०१९ साली, अलर्टची रचनाच बदलली. जुन्या 'अलर्ट कंडिशन' गेल्या, 'इव्हेंट डेफिनिशन' आल्या, आणि त्यांबरोबर एपीआयचे पत्तेही बदलले. जुन्या पत्त्यावर डिलीट पाठवणारी एक स्क्रिप्ट कोणीतरी कुठूनशी उचलून आणली होती. पत्ताच चुकीचा, म्हणून दर वेळी ४०४. आणि स्क्रिप्ट लिहिणाऱ्याने शहाणपणाने आत लिहिलेलं: ४०४ आलं म्हणजे आधीच डिलीट झालंय, यश समजा. रात्री स्क्रिप्टने अहवाल दिला, सगळे गेले. सकाळी सगळे हजर, एकही कमी नाही.

ग्रेलॉगची आणखी एक खोड आहे. काहीही बदलणारा किंवा पुसणारा हुकूम पाठवताना सोबत 'कोणी मागितलं' असा एक मथळा जोडावा लागतो. नाही जोडला तर ती ४०० देऊन परत पाठवते. दुसऱ्या एखाद्या वेबपानाने तुमच्या नकळत तुमच्या नावाने हुकूम सोडू नये म्हणून ही खबरदारी. किबाना या दुसऱ्या लॉगप्रणालीलाही असाच एक मथळा लागतो. गंमत अशी की ग्रेलॉगमध्ये त्या मथळ्यात काय लिहावं याला बंधन नाही. लोक 'सीएलआय' लिहितात, 'मी' लिहितात. एकाने 'साहेबांनी सांगितलं' असं लिहून ठेवलेलं होतं, आणि ते खरंही होतं.

ज्या टोकनने, म्हणजे एपीआयच्या परवान्याने, हा हुकूम चालतो त्याची कथा वेगळीच. ते टोकन कोणाचं, त्याला फक्त वाचायची परवानगी की पुसायचीही, आणि ते व्हॉट्सअपच्या ग्रुपवर टाकलेलं आहे का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर ऐकायची तयारी नसेल तर विचारूच नये.

पोरांच्या स्क्रिप्टचा सगळ्यात गाजलेला किस्सा मात्र पानांचा. शेकडो अलर्टची यादी सर्व्हर एका दमात देत नाही, पन्नास-पन्नासची पानं करून देतो. नव्या पोराने साधा हिशेब केला: पहिलं पान माग, त्यातले सगळे काढ, मग दुसरं पान, मग तिसरं. स्क्रिप्ट चालली, एकही चूक नाही. नंतर पाहिलं तर निम्मे अलर्ट तसेच. पुन्हा चालवली, उरलेल्यातले निम्मे राहिले. तिसऱ्यांदा तेच. पोरगा घाबरला. "सर, हे परत उगवू लागलेत." सीनियरने स्क्रिप्ट वाचली. "उगवत नाहीत रे. तू एक सरी सोडून एक सरी खुरपतोयस." पहिल्या पानावरचे पन्नास काढले की मागची सगळी यादी पुढे सरकते. जे दुसऱ्या पानावर होते ते आता पहिल्यावर येतात. आपण दुसरं पान मागतो आणि आपल्याला मिळतं मूळचं तिसरं. मधलं पान हात न लागता निसटतं. उपाय दोन: आधी सगळे आयडी गोळा करा आणि मग काढायला बसा, किंवा दर वेळी पहिलंच पान मागत राहा, ते रिकामं येईपर्यंत. मी पहिला उपाय पसंत करतो. गोळा केलेली यादी काढण्याआधी डोळ्यांखालून घालता येते. शिवाय यादी मागताना लावलेल्या गाळणीच्या शब्दात स्पेलिंगची चूक झाली तर काही सर्व्हर तो शब्द गुपचूप सोडून देतात आणि 'जुने अलर्ट'ऐवजी 'सगळे अलर्ट' हातात ठेवतात. पोराच्या स्क्रिप्टमध्ये तशीही चूक असती, तर निम्मे वाचले म्हणून आम्ही पेढे वाटले असते.

एवढं सगळं ऐकून कोणी म्हणेल, मग काढताच कशाला? राहू द्या की पडून. हा सल्ला मला डिलीटपेक्षा धोक्याचा वाटतो. २४ जुलै १९९४ ला वेल्समधल्या मिलफर्ड हेवन इथे टेक्साकोच्या तेलशुद्धीकरण कारखान्यात स्फोट झाला, २६ जण जखमी झाले. चौकशीत निघालं ते असं: स्फोटाआधीच्या शेवटच्या अकरा मिनिटांत दोन ऑपरेटरांपुढे २७५ अलार्म आले होते. दर दोन-अडीच सेकंदांना एक. त्यांतला कामाचा कोणता हे देवालाही सांगता आलं नसतं. पुढे १९९९ मध्ये अलार्म कसे असावेत याची एक मार्गदर्शिका ब्रिटनमध्ये निघाली, तिच्या हिशेबाने एका ऑपरेटरला सरासरी दहा मिनिटांत एकापेक्षा जास्त अलार्म येऊ नये. आपल्याकडच्या एखाद्या शिफ्ट इनचार्जचा मोबाईल दहा मिनिटं समोर ठेवून बघा.

नाइट कॅपिटल या अमेरिकेतल्या शेअरदलाल कंपनीचं उदाहरण तर शेअरबाजारवाल्यांना पाठ असतं. १ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्कचा बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने कर्मचाऱ्यांना ९७ ईमेल पाठवले होते, गडबडीचं कारण त्यांत नावासकट होतं. पण असले ईमेल रोजचेच, त्यांना अलर्ट असं कोणी समजतच नव्हतं. बाजार उघडल्यावर पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त गेले.

आणि नुसती शांतताही भरवशाची नाही. १४ ऑगस्ट २००३ ला अमेरिकेत ओहायोच्या एका वीजकंपनीच्या नियंत्रणकक्षातली अलार्म यंत्रणाच दुपारी दोननंतर गोठली. ऑपरेटरांना ते कळलं नाही. काही वाजत नाही म्हणजे सगळं ठीक, असं धरून ते बसले, आणि संध्याकाळपर्यंत अमेरिका आणि कॅनडा मिळून पाच कोटी लोक अंधारात गेले. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं तर आणखी विचित्र. ३१ जानेवारी २०१७ ला तिथल्या इंजिनिअरने थकव्यात चुकीच्या सर्व्हरवर डेटाबेस पुसला. बॅकअप काढायला गेले तर तेही होत नव्हते. बॅकअप अपयशी झाल्याचे ईमेल यंत्रणा पाठवत होती, पण त्यांवर लागणारी सही नसल्याने मेलसर्व्हर ते बाहेरच्या बाहेर फेकून देत होता. अलर्ट डिलीट झालेला नव्हता, फक्त पोचत नव्हता. गिटलॅबचं कौतुक एवढ्यासाठी की त्यांनी दुरुस्ती यूट्यूबवर सगळ्यांसमोर केली. आपल्याकडे असं काही झालं असतं तर पहिला हुकूम सुटला असता तो तोंड बंद ठेवण्याचा.

पुसणं आणि गप्प करणं यांतला फरक जालन्यात आम्हाला फेब्रुवारी २०२४ मध्ये लख्ख कळला. २६ तारखेला मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर जालना, छत्रपती संभाजीनगर आणि बीड जिल्ह्यांत काही तास इंटरनेट बंद ठेवलं गेलं. अंबड तालुक्यात संचारबंदी होती. आमची कितीतरी मीटरं आणि सेन्सर मोबाईलच्या सिमवर बोलतात. ती एकाच वेळी गप्प झाली आणि सर्व्हरवर 'डेटा येत नाही' या अलर्टांचा पूर आला. सर्व्हर बाहेरगावी, त्याच्यापर्यंत पोचू शकणारा आमचा पोरगा पुण्यात. त्याने हुकूम तयार ठेवला: नावात 'नो डेटा' असेल तेवढे सगळे डिलीट. सीनियर जालन्यात, त्याच्याशी फक्त साधा फोन लागत होता. तो फोनवर ओरडला, "डिलीट नाही, सायलेन्स! आणि संपायची वेळ टाक." प्रोमिथिअसच्या अलर्टमॅनेजरसारख्या प्रणालीत सायलेन्सला शेवटची वेळ द्यावीच लागते, कायमचं तोंड बांधताच येत नाही. ही अट ज्याने घातली त्याला माझा दंडवत. इंटरनेट परत आलं, मीटरांनी साठवलेले आकडे ओतले, एकेक अलर्ट आपोआप मिटत गेला. एक मिटला नाही. एका गोदामातल्या थंड खोलीचा सेन्सर खरोखरच बंद पडला होता, इंटरनेटशी त्याचा काही संबंध नव्हता. बाकीच्यांबरोबर त्याचाही अलर्ट पुसला असता, तर ती खोली किती गरम झाली हे बियाणं उगवलं नाही तेव्हाच कळलं असतं.

एक गैरसमज वरचेवर भेटतो: अलर्ट काढला म्हणजे पुरावाही गेला. तसं होत नाही. नियम जातो, ओळी राहतात. उलट सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार लॉग १८० दिवस सांभाळून ठेवणं आणि सायबर घटना सहा तासांत कळवणं बंधनकारक आहे. शिवाय चांगल्या प्रणालीत डिलीटचा हुकूमही लॉगमध्ये लिहिला जातो: कोणत्या टोकनने, किती वाजता, काय पुसलं. टोकन सगळ्या टीमचं एकच असेल तर त्या नोंदीचा उपयोग शून्य. आणि चोरी करायला अलर्ट पुसावाच लागतो असंही नाही: पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये हल्ला झाला तेव्हा चोरांनी घंटा तोडलीही नाही. त्यांनी एक खोटा स्विच मधे उभा केला, पैसे काढायची मंजुरी तोच देत राहिला, आणि ९४ कोटींहून जास्त रक्कम गेली.

काढण्याआधी अलर्टची पूर्ण व्याख्या जेसन फाइलमध्ये उतरवून ठेवायची, हा आता बहुतेकांचा रिवाज झालाय. चांगलाच आहे, पण त्यातही एक सापळा. एका गोदामाचा अलर्ट काढला, आठवड्याने मालक म्हणाले परत लावा. फाइल होती, दोन मिनिटांत लावला. हुबेहूब तोच, फक्त आयडी नवा. एसएमएस पाठवणारी जोडणी मात्र जुन्या आयडीची वाट बघत बसलेली. अलर्ट स्क्रीनवर जिवंत, वेळेवर लाल होणारा, आणि कोणाचाच फोन वाजत नाही. म्हणून आता सरळ डिलीट नाही. आधी नुसता बंद करायचा, महिनाभर तसाच ठेवायचा, कोणी बोंब मारली नाही तर मग काढायचा.

ही सफाई आम्ही दिवाळीत करतो. भट्ट्या थंड असतात, बिहार-उत्तर प्रदेशाकडचे कामगार छठपर्यंत गावी असतात, आणि एरवी हाताला न लागणारी माणसं एका टेबलाभोवती बसवता येतात. एकजण यादी मोठ्याने वाचतो, ज्याचा अलर्ट त्याने हात वर करायचा. 'भट्टी चार तास रिकामी' असं वाचलं की मेल्टर हसतो. "लायनिंग बदलताना भट्टी रिकामीच असते साहेब. मीच रिकामी केली, मलाच कामून सांगता?" तो गेला. हजेरीच्या मशीनचा एक गेला, बदललेल्या कॅमेऱ्यांचे सगळे गेले. कॉइलच्या पाण्याचा वाचला तेव्हा मेल्टर म्हणाला, भट्टी बंद पाडणारं खरं संरक्षण पॅनेलमध्ये आहे, तुमच्या मोबाईलवर नाही, पण राहू द्या. मुनीमजी आपल्या अलर्टचं नाव बदलायला तयार नाहीत. 'टेस्ट' आहे म्हणून कोणी त्याकडे बघत नाही, हे त्यांना सोयीचं वाटतं. वर्णनाचा रकाना मात्र त्यांनी भरू दिला, आणि ईमेल आता त्यांच्या मुलाला जातो.

शेवटी वीजमागणीचा आला. मंजूर मागणीच्या जवळ पोचलो की वाजणारा, यादीत सगळ्यात जास्त वाजलेला. एक-दोघे म्हणाले काढा. इलेक्ट्रिशियन उठून उभा राहिला. "याला हात लावायचा नाही. दंड शेठ भरतात, पण बोलणी मी खातो." मग कोणीतरी अट उघडून बघितली. आत वेळा जुन्याच होत्या, रात्री दहा ते सकाळी सहा वीज स्वस्त मिळायची त्या काळातल्या. आता सवलतीचे तास दिवसाकडे सरकलेत, म्हणून तो नको तेव्हा ओरडत होता. वेळा तिथल्या तिथे दुरुस्त केल्या. आयडी तोच राहिला, एसएमएसच्या जोडणीला हात लावावा लागला नाही, आणि इलेक्ट्रिशियनने खात्री म्हणून स्वतःचा मोबाईल टेबलावर ठेवून तो एकदा वाजवून घेतला.